कोकणात स्वस्तात मुक्काम: भक्तनिवास, घरगुती खोली की हॉस्टेल?

दिवेआगरपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावर कमी पैशात रात्र काढायच्या सोयी मुख्यतः तीन: देवस्थानाचं भक्तनिवास, कोणाच्या तरी घरातली किंवा वाडीतली (घरामागच्या नारळाच्या बागेतली) खोली, आणि अलीकडची डॉर्मवाली, म्हणजे एका खोलीत अनेक पलंग असलेली हॉस्टेलं. एसटी स्टँडसमोरचा लॉज हा चौथा प्रकार आहेच. पण तो रात्री उशिरा उतरून पहाटेची गाडी धरणाऱ्यासाठी. चादर स्वतःची न्यावी, एवढं सांगून तो विषय संपतो.

बाकी तिघांत दराची पाटी वाचून निवड करू नये. इथे खोलीच्या भाड्यापेक्षा जेवण आणि रिक्षा जास्त पैसे खातात. समजा, डॉर्ममधला पलंग ६०० रुपयांना मिळाला, पण एसटीचा थांबा तीन किलोमीटरवर. जाता-येता रिक्षाचे ३००, कॅफेतला नाश्ता २००, दोन वेळचं जेवण ६००, म्हणजे माणशी १७०० झाले. याउलट दोघांनी १२०० रुपयांची घरगुती खोली नाश्त्यासकट घेतली, २०० रुपयांच्या चार थाळ्या तिथेच जेवल्या आणि एसटी दारात थांबत असली, तर माणशी हजारात दिवस निघतो. म्हणून फोनवर पहिला प्रश्न ‘खोली केवढ्याला’ हा नकोच. ‘जेवण घरात मिळेल का, आणि एसटी कुठे थांबते?’ हे आधी विचारावं.

भक्तनिवास

गणपतीपुळे, पावसला स्वामी स्वरूपानंदांचं स्थान, गुहागरचं दुर्गादेवी मंदिर, देवगड तालुक्यातलं कुणकेश्वर अशा ठिकाणी देवस्थानाच्या खोल्या मिळतात. स्वच्छता आणि दर यांचा मेळ बघितला तर शाकाहारी आणि लवकर झोपणाऱ्या माणसाला यापेक्षा चांगला सौदा किनाऱ्यावर नाही. खोलीत पलंग, पंखा, संडास-न्हाणी, बाहेर कॉरिडॉरमध्ये पिण्याच्या पाण्याचा नळ. त्यापलीकडे काही अपेक्षा ठेवू नये. टीव्ही नसतो, आणि पहाटे काकड आरतीची घंटा असते.

तरी चार गोष्टींवर लोक अडकतात. पहिली म्हणजे एकटं असणं. बऱ्याच देवस्थानांत एकट्या माणसाला खोली देत नाहीत, फार तर सामाईक हॉलमध्ये गादी देतात. हे संकेतस्थळावर लिहिलेलं असेलच असं नाही, फोन करूनच विचारावं. दुसरी ओळखपत्रं. प्रत्येक मोठ्या माणसाचं लागतं, कुटुंबप्रमुखाचं एकट्याचं चालत नाही. आधारची प्रत द्यायची तर पहिले आठ आकडे झाकलेली, म्हणजे मास्क्ड आधार आधीच डाउनलोड करून ठेवावी. काउंटरवर रांग खोळंबवून ती काढत बसू नये. तिसरी फाटक. रात्री साधारण नऊ-दहाला बंद होतं, आणि वॉचमन ओळखीचा असला तरी उघडत नाही. चौथी गरम पाणी. बहुतेक ठिकाणी छतावर सोलर आहे, त्यामुळे पहाटे साडेपाच ते आठ एवढ्याच वेळात पाणी मिळतं. आधी उठलेले मोठ्या बादल्या भरून जातात आणि सातनंतर कोमट येतं. पावसाळ्यात तेही नाही.

पैशांबद्दल एक बारकावा. मंदिराच्या नोंदणीकृत न्यासाने आपल्या आवारात दिलेल्या, दिवसाला १००० रुपयांपेक्षा कमी भाड्याच्या खोलीवर जीएसटी नाही. हॉटेलांच्या ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५पासून ५ टक्के आहे, आधी १२ होता. घरगुती खोलीवाल्यांची वर्षाची उलाढाल सहसा २० लाखांच्या आत असते, त्यांना नोंदणीच लागत नाही. तेव्हा वाडीतल्या दोन खोल्यांच्या बिलावर ‘प्लस टॅक्स’ दिसला तर जीएसटी क्रमांक मागावा. बहुधा टॅक्स लगेच वजा होतो.

गणपतीपुळ्याला दुपारी मंदिरात खिचडीचा प्रसाद असतो, त्यावर एक वेळ भागते. रात्रीचं मात्र बाहेर बघावं लागतं आणि मंदिराच्या रस्त्यावरची जेवणं दराच्या मानाने चवीला बेताची आहेत. मालगुंडच्या बाजूला जरा चालून गेलं तर घरगुती खानावळी मिळतात.

घरगुती

खरी निवड इथे आहे, आणि फसगतही इथेच. ‘घरगुती’ या पाटीखाली आता दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक, मूळ कौलारू घरातली खोली: ओटी, पडवी, माजघर, मागे न्हाणीघर आणि विहीर. दुसरी, वाडीत माडांच्या मधे रांगेने बांधलेल्या तीन-चार खोल्या, अटॅच्ड संडास, वर सिमेंटचा स्लॅब. दुसऱ्या प्रकारच्याच आता जास्त आहेत. फोटोत त्या नेटक्या दिसतात, पण एप्रिल-मेमध्ये स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता मध्यरात्रीपर्यंत खाली सोडत राहतो. पंखा फक्त गरम हवा फिरवतो. जांभ्याच्या (तांबड्या चिऱ्याच्या) जाड भिंती आणि वर कौलं असतील तर तीच रात्र सुसह्य होते, कारण फटींमधून वर चढलेली गरम हवा बाहेर पडते. उन्हाळ्यात सरळ विचारावं, ‘वर स्लॅब आहे की कौलं?’ स्लॅबवर पत्र्याची किंवा कौलांची दुसरी सावली केलेली असली तरी चालेल. कौलारू घराची किंमतही आहेच: रात्री वर उंदीर पळतात, पाऊस वाकडा आला तर एखादं कौल गळतं, आणि गिलावा नसलेल्या चिऱ्याच्या भिंतीला टेकलं की पांढऱ्या सदऱ्याला तांबडं लागतं.

एसी घ्यावा का? समुद्रापासून शंभर-दोनशे मीटरवर असेल तर बहुतेक वेळा पैसे वाया जातात. खारं वारं बाहेरच्या युनिटची जाळी दोन-तीन वर्षांत खातं, थंडावा उतरतो आणि आवाज वाढतो. शिवाय गावातल्या शेवटच्या डीपीवर (विजेच्या ट्रान्सफॉर्मरवर) संध्याकाळी सात ते दहा व्होल्टेज पडतं. पंखा पाचवर असूनही पाती मोजता येत असतील तर कॉम्प्रेसर उचलणारच नाही. गिझरचंही तेच. २३० व्होल्टवर चालायचा हीटर १८० वर चालला की त्याची ताकद साधारण साठ टक्क्यांवर येते. जी पंधरा लिटरची टाकी एरवी पंधरा मिनिटांत तापते, ती पंचवीस मिनिटं घेते. पाणी तापत नाही म्हणून मालकाशी वाद घालण्यापेक्षा आंघोळ सकाळी उरकावी, तेव्हा व्होल्टेज बरं असतं. ज्या घरात अजून तांब्याचा बंब पेटतो तिथे हा प्रश्नच नाही, आणि नारळाच्या सोडणांवर (वाळक्या सालींवर) तापलेलं पाणी संपतही नाही. इन्व्हर्टर आहे म्हणतात तेव्हा तो एक दिवा आणि एक पंखा एवढ्यापुरता असतो, हे गृहीत धरावं.

पाणी हा किनाऱ्यावरचा सगळ्यात कमी विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त त्रास देणारा मुद्दा. वाळूतल्या विहिरीत गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. मे महिन्यात पर्यटक भरले आणि पंप दिवसभर चालला की खालचं खारं वर ओढलं जातं आणि विहीर मचूळ होते. केसांना साबण लावूनही फेस येत नसेल तर समजावं. अशा वेळी पिण्याचं पाणी वेगळं आणतात का, हे विचारावं. चांगल्या घरांत गोड्या विहिरीचा हंडा भरून ठेवलेला असतो. वाळूपासून थोडं आत, डोंगराच्या पायथ्याला असलेल्या घरांचं पाणी सहसा गोडं राहतं. समुद्राच्या अगदी लगतची खोली महाग आणि तिचंच पाणी वाईट, असा तो प्रकार आहे.

‘बीच पाच मिनिटांवर’ यावर विश्वास ठेवण्याआधी गावाचा आकार माहीत असावा. गुहागर लांबट गाव आहे: एक रस्ता, त्याला लागून घरं, घरांमागे वाड्या आणि वाडी संपली की पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू. तिथे पाच मिनिटं म्हणजे खरंच पाच मिनिटं. दापोलीजवळच्या मुरुडलाही तसंच. पण जिथे घरं वर सड्याच्या (उंचावरच्या सपाट कातळाच्या) कडेला आणि समुद्र खाली, तिथे मधे जांभ्याची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट असते. उतरायला पाच मिनिटं, सामान घेऊन चढायला वीस, आणि पावसात शेवाळलेल्या पायऱ्यांवर चाकांची बॅग म्हणजे घातच. ‘पाखाडी आहे का, रिक्षा दारापर्यंत येते का’ हे दोन प्रश्न म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाताना चुकवू नयेत.

जेवण. घरगुती मुक्कामाचा दर्जा शेवटी इथेच ठरतो आणि इथे नियम पाहुण्यांनाही पाळावे लागतात. दुपारचं जेवण हवं असेल तर सकाळी नऊपर्यंत, रात्रीचं हवं असेल तर चारपर्यंत माणसं मोजून सांगावं. कारण साधं आहे: काकूंना मासे लिलावातून किंवा दारावर येणाऱ्या कोळणीकडून घ्यायचे असतात, आणि उरलेले मासे परत जात नाहीत. आठ वाजता ‘आम्हाला सुरमई मिळेल का’ विचारलं तर मिळते ती बर्फातली. उकडीचे मोदक आदल्या दिवशी सांगावे लागतात, नगावर दर असतो आणि दहा-अकराच्या खाली कोणी हात घालत नाही.

शाकाहारी थाळी साधारण १५० ते २५०. माशांची थाळी माशावर ठरते: बांगडा खाली, सुरमई आणि पापलेट वर, अडीचशेपासून साडेचारशेपर्यंत. तिसऱ्या (शिंपल्या), कोलंबी किंवा चिंबोऱ्या (खेकडे) हव्या असतील तर दर आधी ठरवावा, बाजारभावावर असतो. थाळीत तळलेली तुकडी एक, कालवण, भात, भाकरी किंवा पोळी आणि सोलकढी. भात आणि कालवण पुन्हा वाढतात, तुकडी पुन्हा मागितली की तिचे पैसे. सोलकढी पहिल्याच घोटात कळते: आगळ (कोकमाचा खारवलेला रस) आणि ताजा नारळाचा रस असेल तर रंग फिकट गुलाबी, तयार सरबतातून केली असेल तर गडद आणि गोडसर. नाश्त्याला मालवण-वेंगुर्ल्याकडे घावणे-चटणी किंवा आंबोळी मागावी. कांदेपोहे सगळीकडे मिळतात आणि न विचारता तेच येतात.

मासे कुठे आणि कधी, याला गावाचा स्वभाव आहे. गुहागर, आंजर्ले, दिवेआगर इथली पुष्कळ घरं शाकाहारी. बाहेरून मासे किंवा बाटली आणून खोलीत बसणं तिथे चालत नाही आणि ते आधी विचारलेलंच बरं. मालवण, देवबाग, वेंगुर्ला मत्स्याहारी, तरी सोमवार, संकष्टी आणि श्रावणात कित्येक घरांत चुलीवर मासे चढत नाहीत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत ताजं म्हणजे खाडीतलं किंवा गळाला लागलेलं, बाकी सुकं. सुक्या बांगड्याची किस्मूर (खोबरं-कांदा घातलेली कोशिंबीर) आणि कुळथाची पिठी यावर समाधानी असणाऱ्यांनी खुशाल जावं, खोल्या निम्म्या दरात असतात.

न्हाणी किंवा संडास अंगणापलीकडे असेल तर रात्री टॉर्च हवाच. रत्नागिरी-देवगडच्या सड्यांवर फुरसं हा विषारी साप भरपूर, आणि ते दगडाच्या रंगाचं असल्याने दिसत नाही. चपला ओटीवर काढल्या असतील तर सकाळी झटकून घालाव्यात.

जुन्या पद्धतीचा मुक्काम म्हणजे काय हे बघायचं असेल तर मंडणगड तालुक्यातलं वेळास सुचवता येईल. कासवांच्या हंगामात, साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, गावकरी आपल्याच घरात पाहुणे ठेवतात. पडवीत गाद्या, सामाईक संडास, घरचं जेवण, दर माणशी. कासवांची पिल्लं समुद्रात सोडायची वेळ सकाळी सात आणि संध्याकाळी सहाच्या आसपास, आणि पिल्लं निघतीलच याची हमी कोणी देत नाही. तेव्हा एका रात्रीसाठी जाऊ नये, दोन तरी धराव्यात. शनिवारी घरं ओसंडतात, पाणी कमी पडतं. मंगळवार-बुधवार गाठला तर तेच गाव निराळं वाटतं. हरिहरेश्वरकडून येताना बागमांडला-वेसवी फेरीबोट धरली की लांबचा वळसा वाचतो.

हॉस्टेल

डॉर्मची हॉस्टेलं गोव्यात आणि गोकर्णला जेवढी रुजली तेवढी महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर नाहीत. आहेत ती स्कूबावाल्यांच्या गर्दीमुळे मालवण-तारकर्ली पट्ट्यात जास्त. पलंग साधारण ५०० ते ९००. हे पैसे खरं तर पलंगाचे नसून सोबतीचे आहेत: एकट्या मुलामुलींना गाडी वाटून घ्यायला, बोट भरायला, संध्याकाळी बोलायला माणसं मिळतात. तारकर्लीला एकट्याने डॉल्फिनची बोट ठरवली तर अख्ख्या बोटीचे पैसे पडतात, हॉस्टेलमध्ये सहा जण जमले की सहावा हिस्सा. ज्याला हे नको त्याने हॉस्टेलच्या वाटेला जाऊ नये. दोघं असतील तर दोन पलंगांच्या पैशात घरगुती खोली येतेच.

घेताना बघायचं ते असं. सहा पलंगांमागे किमान एक संडास-न्हाणी. पलंगाशेजारी स्वतःचा प्लग आणि दिवा. खाली लॉकर, कुलूप आपलं न्यावं, पण कडी बारीक असते, जाड दांड्याचं कुलूप आत जात नाही. वरचा बंक पत्र्याच्या छपराखाली असेल तर मार्चनंतर तो फुकट दिला तरी घेऊ नये. एसी ‘आहे’ म्हणजे रात्री नऊ ते सकाळी सात, दिवसा बंद. गादी उचलून शिवणीत आणि पलंगाच्या सांध्यात टॉर्च मारावा. काळे बारीक ठिपके म्हणजे ढेकूण, आणि ते बॅगेतून घरी येतात. पावसाळ्यात डॉर्ममधल्या चादरी चार-चार दिवस वाळत नाहीत, गादीला कुबट वास येतो. जून ते सप्टेंबर डॉर्म नकोच, असं स्पष्ट मत आहे. त्यातून मेअखेर ते ऑगस्टअखेर जलक्रीडा बंद, मग ज्या सोबतीसाठी जायचं तीच नसते.

केव्हा आणि कसं ठरवायचं

गणपती आणि शिमग्यात घरगुती खोल्या विचारूच नयेत. चाकरमानी घरी आलेले असतात, खोल्यांत मालकाचीच भावकी झोपलेली असते, आणि कोकण रेल्वेचं तिकीटही मिळत नाही. गणपतीपुळ्याला अंगारकी, कुणकेश्वरला महाशिवरात्र टाळावी. मालवणला जाणाऱ्यांनी आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख बघावी. ती तिथीवर नसते, देवीला कौल लावून, म्हणजे तिची संमती विचारून ठरते. त्यामुळे कॅलेंडरात शोधून उपयोग नाही, आणि त्या दोन-तीन दिवसांत कुडाळ-मालवणपर्यंत पलंग मिळत नाही. डिसेंबरचा शेवटचा आठवडा आणि मे सोडला तर आठवड्याच्या मधल्या दिवशी दरात वीस-पंचवीस टक्के सहज सुटतात, मागितले तर.

बुकिंग फोनवर. भक्तनिवासाचा नंबर देवस्थानाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा. गुगलवर पहिल्यांदा दिसणारा नंबर भामट्याचा असू शकतो, आणि ‘पूर्ण रक्कम आत्ता भरा, नाहीतर खोली जाईल’ ही त्याची खूण. घरगुती ठिकाणी तीस ते पन्नास टक्के आगाऊ रीत आहे, उरलेले रोख न्यावेत; नेटवर्क खोऱ्यांमध्ये जातं आणि यूपीआय फिरतच राहतं. खोलीचे आजचे फोटो व्हॉट्सअॅपवर मागावेत, न्हाणीचासुद्धा. जो मालक न्हाणीचा फोटो पाठवायला कुरकुरतो त्याचं उत्तर तिथेच मिळालं. ‘एमटीडीसीची निवास न्याहारी’ अशी पाटी असेल तर नोंदणीचं पत्र मुदतीतलं आहे का बघावं, कित्येक पाट्या जुन्या आहेत.

रेल्वेने पोचायचं तर उतरायची स्टेशनं अशी: गुहागरला चिपळूण, दापोलीला खेड, गणपतीपुळे-पावसला रत्नागिरी, कुणकेश्वरला कणकवली, मालवणला कुडाळ, दिवेआगर-श्रीवर्धनला माणगाव. स्टेशनं जवळजवळ सगळी गावाबाहेर, तिथून एसटी स्टँडपर्यंत रिक्षा धरावी लागते आणि तो खर्च हिशेबात घ्यावा. एसटीत महिलांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरीपुढच्यांना फुकट. पण वस्तीची शेवटची गाडी बहुतेक गावांना संध्याकाळी सात-आठच्या आत सुटते. ती चुकली की रिक्षावाला खोलीच्या भाड्याएवढे मागतो. कोकण रेल्वेच्या पावसाळी वेळापत्रकात गाड्या हळू धावतात, दुपारी पोचणारी संध्याकाळी पोचते. तेव्हा त्या दिवसांत पहिला मुक्काम स्टेशनच्या गावातच करणं परवडतं.

परतताना एक घोळ नेहमीचा. खोली सकाळी दहाला सोडायची, आणि मुंबईची कोकणकन्या कुडाळला येते रात्री साडेआठनंतर. मधले दहा तास सामान कुठे ठेवायचं आणि समुद्रावरून आल्यावर आंघोळ कुठे करायची, हे येतानाच ठरवावं. घरगुती ठिकाणी पडवीत सामान ठेवू देतात, विहिरीवर आंघोळीलाही ना नसते; तेवढ्यासाठी दुपारचं जेवण तिथेच घ्यावं. भक्तनिवासात क्लोकरूम असली तर ठीक, नसली तर अर्ध्या दिवसाचं भाडं विचारून बघावं. हॉस्टेलवाले सामान ठेवतात, पण शॉवरचे वेगळे पैसे लावतात का हे चेक-इनलाच विचारून घ्यावं.